कुणीतरी विचारलं म्हणून

पेणजवळच्या वरसई गावातले विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते बंड बघायला नव्हे, दक्षिणा मिळवायला. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत, दानधर्म भरपूर होणार आहे, अशी बातमी आली आणि काकांना सोबत घेऊन हा तिशीतला भिक्षुक उत्तरेकडे चालू लागला. महूच्या वाटेवर शिपाई उठल्याची खबर मिळाली. मागे फिरण्याऐवजी दोघं पुढे गेले. लुटले गेले, उपाशी राहिले, आणि १८५८ मध्ये इंग्रजी फौजेनं झाशी घेतली तेव्हा विष्णुभट शहरातच होते. गल्ल्यांमधून पडलेली प्रेतं, जळणारी घरं आणि लपून काढलेले दिवस पाठीशी टाकून ते अखेर कोकणात परतले. खांद्यावर गंगेची कावड होती, आईवडिलांसाठी आणलेली. पैसा मात्र जवळजवळ नव्हताच.

एवढं सगळं घडलेल्या माणसानं ते लिहून ठेवायला किती वेळ घ्यावा? पंचवीस वर्षं. तेही आपणहून नाही. गोडसे ज्या घराचे उपाध्याय होते त्या वैद्य घराण्यातल्या चिंतामणराव वैद्यांनी त्यांच्या तोंडून या हकिकती ऐकल्या होत्या. त्यांनी आग्रह धरला, तेव्हा १८८३ च्या सुमारास भटजींनी बोरू हातात घेतला. छापणं मात्र आपल्या मागे, असं ठरलं. बंडाच्या वेळी झाशीत होतो हे सरकारच्या राज्यात छापून सांगणं म्हणजे विस्तवाशी खेळ. ‘माझा प्रवास’ छापून बाजारात आलं १९०७ मध्ये, लेखक गेल्यानंतर.

आयुष्याला कलाटणी देणाऱ्या अनुभवांबद्दल आपली एक भाबडी समजूत असते. माणसावर काहीतरी प्रचंड कोसळतं, तो आतून हलतो आणि मग ते त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडतं, अशी. मराठीतली जुनी-नवी आत्मकथनं शेजारी ठेवून वाचली तर चित्र निराळं दिसतं. अनुभव वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. तो बोलू लागतो तेव्हा बहुतेक वेळा समोर कुणीतरी असतं, ज्यानं विचारलेलं असतं. आणि तो विचारणारा कोण, यावर कलाटणी नेमकी कुठे होती हेही बरंचसं ठरतं.

तुकोबांचंच घ्या. १६३० च्या दुष्काळात दिवाळं निघालं, बायको अन्नाविना गेली, लाजेनं जीव नकोसा झाला. हे सगळं त्यांनी स्वतः एका अभंगात सांगितलेलं आहे. पण त्या अभंगाची सुरुवात दुष्काळापासून होत नाही. आधी ते जवळजवळ माफीच मागतात: हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत, म्हणून तुमचा शब्द पाळतो. वारकऱ्याला ‘मी’ सोडायला शिकवलेलं. मग स्वतःची कहाणी कोणत्या तोंडानं सांगायची? संतांच्या प्रश्नानं ती अडचण सोडवली. त्यांच्या शिष्या बहिणाबाई तर याही पुढे गेल्या. देवगावची ही ब्राह्मण मुलगी. लहानपणीच तिचं लग्न तिच्याहून कितीतरी मोठ्या बिजवराशी झालं, कोल्हापुरात लळा लागलेलं वासरू मेलं आणि तुकोबा स्वप्नात आले. शूद्राला गुरू मानल्याबद्दल नवऱ्यानं मारलं, तेही तिनं अभंगांत नोंदवून ठेवलं. आणि अखेरच्या दिवसांत तिनं मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगितले. आजचा वाचक तिथे थबकतो. तिच्या दृष्टीनं मात्र एका जन्माची गोष्ट अपुरीच होती. कलाटणी समजायची तर तेराच्या तेरा जन्म मांडायला हवेत.

एकोणिसाव्या शतकात विचारणारे बदलले. मिशनऱ्यांबरोबर एक नवा साचा आला: आधी अंधार, मग एक निर्णायक क्षण, मग उजेड. बाबा पदमनजींनी ख्रिस्ती होण्याची आपली हकिकत लिहिली, तिचं नावच ‘अरुणोदय’. धर्मांतराच्या कहाणीला असा सरळ चढ लागतो, कारण तिचा श्रोता आधीच ठरलेला असतो. तो उजेडाची वाट बघत बसलेला असतो.

लक्ष्मीबाई टिळकांकडे या साच्याला लागणारं सगळं साहित्य होतं. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं इतकं शिरलं, की सगळं घर त्यात पिळून निघालं. अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, विद्वान, तापट आणि कमालीचा विसराळू. बाजारात पैसे देऊन पाठवावा तर ते कुणाला तरी वाटून रिकाम्या हातानं घरी यायचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रात ही तारीख मोठ्या अक्षरांत येते, ते साहजिकच आहे. ‘स्मृतिचित्रे’त मात्र त्या तारखेनंतरची पाच वर्षं मोठी आहेत. जिवंत नवऱ्याची बायको, पण माहेरच्या आणि नात्यातल्या घरी आश्रितासारखी. पदरात मूल. येणाऱ्या-जाणाऱ्याची कीव. टिळकांची पत्रं येत राहतात, मनही ओढत राहतं. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांच्या आतलं सोवळं गळून पडलं होतं, आणि ते कुणाच्या प्रवचनानं नव्हे. जाती देवानं केल्या असतील कशावरून, असा विचार करता करता त्या स्वतःच एका टोकाला पोचल्या आणि ठरवून टाकलं, की आता कुणाच्याही हातचं खायचं. कित्येक पिढ्यांचं ओझं एका बैठकीत उतरलं. एखाद्या धर्मोपदेशकानं त्या जागेवर तीन प्रकरणं रचली असती. लक्ष्मीबाई चार शब्दांत पुढे जातात, कारण पुढे सांगण्याजोगी आणखी एक फजिती उभी असते.

हेही पुस्तक कुणीतरी विचारलं म्हणूनच झालं. टिळक १९१९ मध्ये गेले. मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं; त्यासाठी आईकडे आठवणी मागितल्या. मागणी होती टिळकांची. आईनं लिहून दिलं ते स्वतःसकट. आठवणी ‘संजीवनी’ साप्ताहिकात येऊ लागल्या, १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत पुस्तकरूपानं निघाल्या, आणि शेवटचा भाग लेखिकेच्या निधनानंतर देवदत्तांनी पुरा केला. नवऱ्याचं चरित्र म्हणून सुरू झालेल्या कामातून मराठीतलं बहुधा सर्वांत जिवंत आत्मचरित्र निघालं. विचारणाऱ्यानं एक मागावं आणि सांगणाऱ्यानं हसत हसत दुसरंच पदरात टाकावं, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं अवघड.

विचारण्याची ही ताकद भाषाशास्त्रज्ञांच्या लक्षात आली ती जरा आडवाटेनं. विल्यम लबॉव्ह हे अमेरिकन अभ्यासक १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या सामान्य लोकांची बोली टिपत होते. त्यांची पंचाईत अशी, की समोर टेपरेकॉर्डर ठेवला की माणसं शाळामास्तरांसारखी बोलू लागत. त्यावर त्यांनी एक प्रश्न शोधून काढला: ‘आता आपण मरणार, असं वाटण्याचा प्रसंग तुमच्यावर कधी आला होता का?’ आला होता असं म्हणणाऱ्याला तो खरा होता हे पटवून द्यावंच लागे, आणि पटवता पटवता यंत्राचा विसर पडे. अशा शेकडो कहाण्यांतून लबॉव्ह आणि जोशुआ वालेट्स्की यांनी १९६७ मध्ये एक आराखडा मांडला. कुठे, कधी, कोण, मग अडचण, मग सुटका, आणि शेवटी ऐकणाऱ्याला पुन्हा वर्तमानात आणून सोडणं. यात कळीचा भाग त्यांना वाटला तो घटनेचा नव्हेच. सांगणारा मध्येच थांबून ही गोष्ट सांगण्यासारखी का आहे ते कळू देतो, तो भाग. आपल्याकडे कट्ट्यावर कुणी लांबण लावली की दुसरा म्हणतो, ‘बरं, मग?’ त्या ‘मग’ची भीती प्रत्येक निवेदकाच्या मानेवर बसलेली असते. ती नसेल तर उरते नुसती रोजनिशी.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग १९८६ मध्ये छापून आला. डॅलसच्या विद्यापीठात जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या विद्यार्थिनीनं ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहायचं होतं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवावर. लिखाणावर कुणी काही बोलणार नव्हतं, शाबासकी नाही की सांत्वन नाही. क्लेशाविषयी लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर हलकं वाटलं नाही, उलट जास्त उदास वाटलं. पण घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या पायऱ्या चढणं कमी झालं. या प्रयोगाचा पुढे इतका गाजावाजा झाला, की ‘लिहा आणि बरे व्हा’ असा धंदाच उभा राहिला. नंतरच्या असंख्य प्रयोगांत मात्र फायदा कधी दिसला, कधी अगदी जेमतेम. त्याहून रंजक निघालं ते शब्दांचं मोजमाप. ज्यांना फरक पडला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘लक्षात आलं’ अशा वळणाचे शब्द वाढत गेलेले दिसले. पहिल्या दिवशी नुसता ढिगारा. चौथ्या दिवसापर्यंत त्या ढिगाऱ्यातून एखादी पायवाट काढलेली.

पायवाट काढताना मूळ जमीन किती हलते, हा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात आकाशात फुटलं. दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ अल्रिक नायसर यांनी अटलांटातल्या एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे, कशी, कुणाकडून कळली ते लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचं एकही मुख्य उत्तर जुन्या उत्तराशी जुळलं नाही. वर्गात ऐकलेली बातमी टीव्हीवर पाहिल्याची आठवण झाली होती. आणि सांगताना आवाजात खात्री ठासून भरलेली. त्यांच्याच अक्षरातला जुना कागद पुढे ठेवला तरी हरवलेली आठवण परत आली नाही. खोटं कुणीच बोलत नव्हतं. दोन-अडीच वर्षं त्यांनी ती गोष्ट लोकांना सांगितली असावी, आणि सांगून सांगून जी घट्ट झाली तीच त्यांची आठवण होऊन बसली असावी.

गोडसे भटजींच्या पंचवीस वर्षांकडे या नजरेनं पाहिलं की इतिहासकारांची कुरकुर समजते. ऐकीव गोष्टी आणि डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टी त्यांच्या प्रवासवर्णनात एकाच पंक्तीला बसतात. तारखा डगमगतात. पण झाशीतली भूक आणि भीती डगमगत नाही. त्यात आणखी एक गंमत आहे. वैद्यांनी छापताना भटजींची भाषा बरीच सारखी केली, मजकुरावर हात फिरवला. भटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक वाचायला मिळालं १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांमुळे. म्हणजे १९०७ पासून जवळजवळ साठ वर्षं मराठी माणूस जो ‘मी’ वाचत होता, तो थोडा गोडशांचा होता आणि थोडा त्यांना विचारणाऱ्याचा.

दुसऱ्याच्या हातानं लिहिलेला ‘मी’ आणखी एका पुस्तकात भेटतो, पण तिथे हुकूम सांगणारीचा चालतो. हंसा वाडकर हे नाव अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या तमाशापटानं महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचलं होतं. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो शंभराहून जास्त आठवडे चालला. आत्मकथन सांगायची वेळ आली तेव्हा बाईंनी त्याचंच नाव घेतलं. शब्दांकन केलं पत्रकार अरुण साधू यांनी. पुढे ‘सिंहासन’ लिहिणारे ते हेच साधू. १९७० मध्ये पुस्तक आलं, पुढच्याच वर्षी बाई गेल्या, आणि १९७७ मध्ये त्यावरून श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ आला. पोटासाठी लहानपणीच सुरू झालेलं सिनेमातलं काम, दारू, पुरुष, फसवणूक, स्वतःच्या चुका, काहीही झाकलेलं नाही. त्या काळातल्या घरंदाज वाचकाला घाम फुटावा असा मोकळेपणा. नावाकडे पुन्हा पाहा. ‘लिहिते’ असं नाही, ‘सांगत्ये’ असं आहे. आणि पुढचा शब्द विनंतीचा नाही. आज्ञार्थ आहे.

मग आले ज्यांना कुणीच विचारलं नव्हतं ते लोक.

दगडू मारुती पवार. अकोले तालुक्यातल्या धामणगावचा आणि मुंबईच्या कावाखान्यातल्या कोंदट खोल्यांचा. शिकला, रेल्वेत हिशेबाच्या नोकरीला लागला, दया पवार या नावानं कविता लिहू लागला. १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’नं त्यांचं ‘बलुतं’ काढलं. गावकीची कामं करणाऱ्याच्या पदरात खळ्यावर टाकलं जाणारं धान्य म्हणजे बलुतं. आपल्या वाट्याला आलेल्या दुःखालाही त्यांनी तेच नाव दिलं. पुस्तकाची रचना अशी, की दगडू पवार नावाचा माणूस दया पवार नावाच्या माणसाला आपली कहाणी सांगतो. दोघं एकच. विचारणारा कुणी मिळाला नाही, म्हणून लेखकानं स्वतःतूनच एक काढून समोर बसवला. ही नुसती कारागिरी नव्हे. शिकलेल्या, पांढरपेशा झालेल्या दयाला दगडूची लाज वाटते आणि दगडूला दयाचा संशय येतो. त्या दोघांमधलं अंतर हीच या पुस्तकातली खरी कलाटणी आहे, आणि ती एका तारखेवर बोट ठेवून दाखवता येत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॅडम्स यांना आपल्या देशबांधवांच्या जीवनकहाण्यांत एक लाडकं वळण सापडलं: वाईटातून चांगलं निघतं, दुःखानं माणूस मोठा होतो. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांतही हाच क्रम असतो. आधी कसे होतो, काय घडलं, आता कसे आहोत. दारूतून बाहेर येऊ पाहणाऱ्याला तो क्रम खरोखर हात देतो, त्याची टिंगल करण्याचं कारण नाही. पण ‘बलुतं’ त्या क्रमात बसायला नकार देतं. शिक्षण मिळालं, नोकरी मिळाली, नाव झालं, तरी मनातला कोंडवाडा तसाच राहिला, असं ते पुस्तक म्हणतं. ते आल्यावर दोन्ही बाजूंनी गदारोळ झाला. सवर्ण वाचक हादरले हे ठीकच, पण वस्तीतल्याही काहींना वाटलं, की यानं आमची लक्तरं वेशीवर टांगली. ‘माझं’ म्हणून जे सांगितलं ते एकट्याचं कुठे होतं? त्यात आई होती, बायको होती, अख्खी वस्ती होती. त्यांना कुणी विचारलं होतं?

तरीही दार उघडलं ते उघडलंच. त्यातून लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आलं, शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ आलं. दहा-बारा वर्षांत मराठी वाचकाच्या कपाटात अशा माणसांनी जागा घेतली, ज्यांच्या गावकुसाबाहेरच्या घरात तो कधी पाऊल टाकणार नव्हता.

फलटणच्या एका किराणा दुकानात मात्र हे काम याच्याही आधीपासून चाललं होतं. बेबीताई कांबळे गल्ल्यावर बसत. मालाच्या पुड्या बांधायला रद्दी येई, ती आधी वाचून काढत. नवरा बाहेर गेला की लिहीत आणि कुणाच्या हाती लागणार नाही अशा जागी कागद दडवून ठेवत. नवऱ्यापासून लपवायचे, मुलापासूनही लपवायचे. असं वीसेक वर्षं चाललं. संशोधनासाठी आलेल्या आणि फलटणचीच होऊन गेलेल्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना कधीतरी या लिखाणाचा पत्ता लागला, आणि त्यांनी छापायचा आग्रह धरला. १९८२ मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः येऊ लागलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. नाव ‘जिणं आमुचं’. ‘माझं’ नाही.

हे नाव पानोपानी पाळलं आहे. महारवाड्यातली भूक, आषाढातले देव, अंगात येणं, सासुरवास, कोवळ्या पोरींची बाळंतपणं, मग बाबासाहेबांची हाक आणि देव्हाऱ्यातले देव बाहेर निघणं. कलाटणी आहे, चांगली खणखणीत आहे, पण ती एका बाईला नव्हे, एका समाजाला मिळते. या सगळ्यात बेबीताई स्वतः कुठे आहेत? शोधावं लागतं. त्यांचा नवरा तर पुस्तकात जवळजवळ नाहीच.

पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद माया पंडित यांनी केला. तो २००८ मध्ये निघाला, आणि त्याच्या शेवटी त्यांनी बेबीताईंची एक मुलाखत जोडली. तिथे त्यांनी नेमका हाच प्रश्न घातला: इतकी वर्षं हे लपवून का लिहिलंत, आणि तुमचं स्वतःचं यात का नाही? तेव्हा ऐंशीला टेकलेल्या बेबीताईंनी सांगितलं. एकदा एका सभेसाठी नवऱ्याबरोबर मुंबईला निघाल्या होत्या. डब्यात गर्दी होती, काही तरुण पोरं त्यांच्याकडे बघत होती. नवऱ्यानं संशय घेतला आणि नाकातून रक्त येईपर्यंत मारलं. त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं दोघं परत निघाले, आणि परतीच्या वाटेवरही मार थांबला नाही.